केनियाचं प्लेसमेंट आणि देवगडची कलमं

ताई नमस्कार,

पत्र दोनदा वाचलं. लेक पुण्यात फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला, कुठल्याशा एजन्सीने सेमिनार घेऊन केनियात चार आठवड्यांचं कम्युनिटी प्लेसमेंट (म्हणजे नोकरी नव्हे, तिथल्या वस्तीत पेशंटबरोबर शिकाऊ काम) सांगितलंय, विमानभाडं सोडून पावणेदोन लाख, आणि तुम्ही विचारताय की पुढच्या हंगामाची आंब्याची कलमं कराराने देऊन आत्ताच उचल घेऊ का, कारण "परदेशी अनुभव असला की तिकडे नोकरी पटकन लागते" असं पोरीच्या डोक्यात भरवलंय. मिस्टर नको म्हणतायत, लेक रुसलीये.

पैशाचं आधी सांगते. यासाठी कलमं अडकवू नका.

नोकरीचं जे सांगितलंय ते तसं नाहीये. यूकेत फिजिओ म्हणून काम करायचं तर एचसीपीसी या तिथल्या नोंदणी संस्थेकडे नाव लागतं, ते डिग्रीत काय शिकवलं, कोर्समध्ये क्लिनिकल पोस्टिंग किती झालं हे बघतात, शिवाय नंतर केलेलं काम. ऑस्ट्रेलियात लेखी आणि क्लिनिकल परीक्षा असते, दुबईतही परवान्याची परीक्षा द्यावीच लागते. या कशाच्याच जागी एजन्सीचं सर्टिफिकेट चालत नाही. ऑक्युपेशनल थेरपी (पेशंटला रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारा, फिजिओच्या शेजारचा कोर्स) करणाऱ्यांना किमान 1000 तास फील्डवर्क असा त्यांच्या जागतिक संघटनेचा नियम आहे, पण तेसुद्धा कोर्समधले, देखरेखीखाली केलेले तास. तेव्हा आधी डिग्री, मग सहा महिन्यांची इंटर्नशिप, मग महाराष्ट्र कौन्सिलची नोंदणी, हा रस्ता काही चुकत नाही.

मग जाऊच नये का? तसं नाही म्हणत मी. कॉलेजचाच तिकडच्या विद्यापीठाशी करार असेल, तिथला नोंदणी असलेला फिजिओ रोज सोबत असेल, तर मुलं खरंच शिकून येतात. पण माझ्याकडे एक मुलगी आली होती, अशीच पैसे भरून गेलेली, पॅरालिसिसच्या एका आजोबांना व्यायाम शिकवत होती आणि मधे भाषांतराला कोण तर गाडीचा ड्रायव्हर! निघायच्या दिवशी तिने विचारलं, आता यांना कोण बघणार, तर कुणाकडेच उत्तर नव्हतं. तिला ते फार लागलं होतं. 1978 च्या अल्मा-आटा परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने गावपातळीवरच्या पुनर्वसनाचा (म्हणजे आजारी-अपंग माणसाला पुन्हा हिंडतं-फिरतं करण्याचा) जो विचार पुढे आणला त्यात मूळ गोष्टच ही आहे की घरच्यांना आणि गावातल्याच माणसाला शिकवायचं, म्हणजे बाहेरचा गेला तरी काम थांबत नाही.

म्हणून एजन्सीला मेल करून सरळ विचारा: सुपरवायझर कोण, त्याचा नोंदणी नंबर काय, पोरीने पेशंटला हात लावायचा की नुसतं बघायचं, तिथे जायची परवानगी कुठली काढणार (टुरिस्ट म्हणत असतील तर तिथेच थांबा), आणि महिन्यानंतर पेशंट कोणाकडे जाणार. हो, आणि केनियाला जायचं तर पिवळ्या तापाची लस निघायच्या निदान दहा दिवस आधी सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रातच घ्यायची, ते कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर क्वारंटाइन करू शकतात. हे त्या सेमिनारात कुणी सांगितलं होतं का ते लेकीला विचारा जरा.

आणि कम्युनिटी म्हणाल तर ती आपल्या दारात आहे की हो! आंबे काढताना झाडावरून पडून कमरेखाली लुळे झालेले, चिरेखाणीत पाठ गेलेले, रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढून खांदे धरलेले, असं एकतरी माणूस प्रत्येक वाडीत सापडेल. त्यातल्या कितीजणांना बसने तालुक्याला रोज व्यायामाला येणं जमतं? मे महिन्यात घरी येईल तेव्हा कॉलेजचं पत्र घेऊन ग्रामीण रुग्णालयात किंवा चिपळूणजवळ डेरवणच्या हॉस्पिटलात विचारू दे, तिथल्या फिजिओच्या हाताखाली महिनाभर. मालवणीत गाऱ्हाणं ऐकून घेता येणं हे तिच्याकडे आहे, केनियात ते नसणार.

एवढं करूनही परदेशचं मनात राहिलंच तर इंटर्नशिपनंतर नेपाळचं बघा, आपल्याला व्हिसा लागत नाही आणि खर्चही बराच कमी. पण वरचे प्रश्न तिथेही विचारायचेच.

लेकीला सांगा, बाबा नको म्हणाले म्हणून रुसू नको, मेल तूच लिही. एजन्सीचं उत्तर आलं की मला पाठवा, मी बघते.