आधी बोर्ड, मग मशीन

चि. बाळ,

सुतारकामासाठी केलेली तुझी मशिनांची यादी मिळाली. अकरा मशिनं, प्रत्येकापुढं किंमत, खाली बेरीज आणि बेरजेखाली दोन रेघा. हिशेबात बापावर गेलीस. यादी मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा एकच गोष्ट खटकली. त्यात टेबलातच पातं बसवलेला टेबल सॉ आहे, तिरके काप घेणारा मायटर सॉ आहे, रंधा मशीन आहे, पण काटकोन तपासायचा गुण्या नाही. लाकूड आवळून धरायचे क्लॅम्प नाहीत. वायरिंगचा तर एक रुपयाही धरलेला नाही. ६० हजारांत मशिनं येतील गं, पण ती चालायची कशावर?

तुझी खोली मी बघितली आहे. जुळे सोलापुरातल्या घराची गच्ची, दहा बाय बाराची जागा, वर पत्रा. विजेचं म्हणशील तर एक दिवा, एक पंखा आणि ६ अँपिअरचा एक पॉइंट. मोबाईल चार्ज करायला तो ठीक आहे. हातात धरून चालवायची सात इंची सर्क्युलर सॉ १२०० ते १४०० वॉटची असते, म्हणजे लाकडात शिरली की ५-६ अँपिअर ओढणारच, आणि बटण दाबल्याक्षणी त्याच्या कितीतरी पट. ‘चालून जातं की काका,’ असं म्हणशील. चालतं. माझंही चालत होतं.

मी टेबल सॉ आणला तेव्हा हौस इतकी होती, की पेटी उघडली त्याच संध्याकाळी कापायला बसलो. वायर कुठली? तर गल्लीतल्या गणपतीच्या मांडवाला वापरायचो ती, १५ मीटरची, बारीक, फिरकीवर गुंडाळलेली. लागली तेवढी तीन-चार मीटर सोडली, बाकीची तशीच फिरकीवर ठेवली. अर्ध्या तासानं वास यायला लागला. वाटलं, पातं बोथट झालं, लाकूड करपतंय. मशीन बंद करून पातं निरखत बसलो आणि पाठीमागं फिरकीतून धूर. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडायला जागाच नसते, आतले वेढे एकमेकांना भाजतात. नंतर सोडवायला गेलो तर वेढे सुटेचनात, प्लॅस्टिक वितळून सगळे एकजीव झालेले. ती फिरकी तुझ्या काकूनं कितीतरी वर्षं फेकू दिली नाही. पाहुण्यांना दाखवायची.

म्हणून पहिला खर्च वायरमनचा. मीटरपासून खोलीपर्यंत स्वतंत्र लाइन, तांब्याची, २.५ स्क्वेअर एमएमची. १६ अँपिअरचे दोन पॉइंट, टेबलाच्या उंचीवर. अर्थिंग नुसतं ‘आहे’ म्हणू नये, तपासून घ्यावं. आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच. वायरमन म्हणेल, जादा भार आला की पडणारा स्विच, एमसीबी, आहे की ताई. त्याला सांग, एमसीबी वायर वाचवते, मला माणूस वाचवायचाय. दिव्याची लाइन मात्र वेगळी ठेव. मशीननं लाइन पाडली तर पातं लगेच थांबत नाही, आणि फिरत्या पात्यापुढं अंधार नको. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता मशिनं. यादीतली सात मी खोडली आहेत. रागावू नकोस, चार ठेवली आहेत.

टेबल सॉ पहिल्यांदा खोडला, कारण साधं आहे. प्लायचा तक्ता आठ बाय चारचा. तो लांबीत कापायचा तर पात्याच्या अलीकडं आठ फूट लागतात आणि पलीकडं आठ फूट. तुझी खोली बारा फुटांची. १९ मिमीचा तक्ता ३५ किलोच्या घरात जातो, तो एकटीनं सरळ ढकलणं हाही एक प्रकारच आहे. तेव्हा तक्ता मशीनकडं न्यायचा नाही, मशीन तक्त्याकडं न्यायचं, म्हणून पहिलं मशीन सर्क्युलर सॉ. जमिनीवर दोन इंची थर्माकोल अंथर, त्यावर प्लाय आडवा टाक, सर्क्युलर सॉचं पातं प्लायच्या जाडीपेक्षा तीन-चार मिमीच खाली येईल असं लाव. प्लायचीच एक सरळ पट्टी दोन क्लॅम्पनी घट्ट धर आणि तिच्या कडेनं सॉ चालव. थर्माकोलमुळं कापलेले दोन्ही भाग आहेत तिथंच पडून राहतात. दोन विटांवर तक्ता टेकवून मधोमध कापलास तर शेवटाकडं तो खाली झुकतो, काप मिटतो, पातं चिमटीत सापडतं आणि सगळं मशीन उसळून तुझ्याच अंगावर येतं. माझ्या डाव्या मांडीवरची खूण तू लहानपणी विचारायचीस ना, ती ही.

पेटीत येणारं पातं बहुतेक २४ दातांचं असतं. उभं लाकूड चिरायला चांगलं, पण प्लायच्या आडव्या कापाला कडा कुरतडल्यासारख्या निघतात. प्लायसाठी ६० दातांचं टीसीटी, म्हणजे दातांना कार्बाइडची टोकं असलेलं पातं वेगळं घे. घेताना मधल्या भोकाचं माप मशीनशी जुळतंय का बघ, आणि पात्यावर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त असायला हवा.

कोपऱ्यावरचे मिस्त्री मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून दिवसभर काम करतात, हे तू बघितलं असशील. त्यांचे हात मुरलेले आहेत. तरीही ते मशीन फरशीसाठी बनवलंय. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे, आणि खालून पातं झाकून घेणारं सरकतं गार्ड त्याला नसतं. ग्राइंडरला लाकडाचं पातं लावलेलं तर कुणाच्या हातात दिसलं तरी तिथून लांब हो. यावर माझ्याशी वाद घालायचा नाही.

दुसरं मशीन ड्रिल, आणि ते बॅटरीवरचं. दुकानात गेलीस की किंमत विचारण्याआधी मूठ हातात धरून बघ. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली बटण, ही कल्पना ब्लॅक अँड डेकरची, १९१७ सालच्या पेटंटची, आणि अजूनही ड्रिलची खरी परीक्षा तिथंच होते. तुझा हात लहान आहे. माझ्या हाताला बसणारं १८ व्होल्टचं धूड तुला डोक्यावर धरून स्क्रू मारताना पाच मिनिटांत नको होईल. १२ व्होल्टचं पुरेल. एक लक्षात ठेव, एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही. आज ड्रिल घेतेस म्हणजे पुढच्या दहा वर्षांची कंपनी ठरवतेस.

बॅटरी त्या खोलीत ठेवायची नाही. सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा उठला की आपल्याकडं ऊन चढायला लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये सावलीत ४२ असतं तेव्हा पत्र्याखाली किती असेल, तूच सांग. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. बरे चार्जर तर नकारच देतात, नुसता दिवा लुकलुकतो आणि आपण मशीन बिघडलं म्हणून दुकानात पळतो. बॅटऱ्या आणि चार्जर खाली, जिन्याखालच्या कपाटात, आजीच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी.

तिसरा लाकूड घासून गुळगुळीत करणारा सँडर, पाच इंची, गोल फिरता फिरता थरथरणारा. चौथा कडा आणि खाचा कोरणारा ट्रिमर, पण तो दिवाळीनंतर. रंधा मशीन नको. साधा लोखंडी रंधा घे आणि त्याचं पातं धारेवर ठेवायला शीक. ते शिकवायला मी येईन, पत्रात ते जमत नाही.

सँडरबरोबर धूळ आली. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर काम करणारी माणसं नाकाला फडकं बांधतात, तसं फडकं इथं चालत नाही. सँडरची धूळ पिठापेक्षा बारीक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसाला कर्करोग करते हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. तेव्हा सँडरच्या नळीला व्हॅक्यूम जोड, तोंडावर एन-९५ मास्क घाल, आणि मशीन बंद झाल्यावर लगेच मास्क काढू नकोस, बारीक धूळ बराच वेळ तरंगत राहते. कानाला मफ, डोळ्यांना चष्मा. हातमोजे मात्र फिरत्या पात्यापाशी कधीच नाहीत. ओढणी, मोकळे केस, मनगटातला धागा, हे सगळं जिना चढण्याआधी खालीच.

आवाजाचंही बोलतो. पूर्व भागात दिवसभर मागांची खटखट चालू असते, तिथं तुझी सॉ कुणाला ऐकूही गेली नसती. तुमच्याकडं दुपारी एक ते चार सगळी कॉलनी झोपते. त्या तीन तासांत रंधा मार, नाहीतर मापं काढ.

गुण्या दुकानातच पारखून घे. प्लायच्या सरळ कडेला तो लावून पेन्सिलीनं रेघ मार. मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ मार. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. वर जाताना फाकल्या तर जितक्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. दुकानदार हसेल. हसू दे. त्याला हेही विचार, की मशीन बिघडलं तर इथंच दुरुस्त होणार की पुण्याला पाठवणार, आणि मोटरीतले झिजणारे कार्बन ब्रश आत्ता दुकानात आहेत का. उत्तर देताना तो दुसऱ्याच मशीनकडं बोट दाखवायला लागला, तर समजून जा. बिल जपून ठेव, वॉरंटी त्याच दिवशी नोंदव.

लाकडाचं थोडक्यात. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान वखारीत मिळतं, चांगलं असतं, पण आत मोडलेले खिळे असतात. जाड लोहचुंबक सगळीकडून फिरव. एक खिळा ६० दातांच्या पात्याचं वाटोळं करतो. आणि तुला पहिलंच काम म्हणून जेवणाचं टेबल करायचंय, त्याच्या फळ्या खालच्या चौकटीला स्क्रूनं करकचून आवळायच्या नाहीत. आपल्याकडं उन्हाळ्यात हवा कोरडी ठक्क असते, पावसाळ्यात दमट. तेवढ्यात सागाची दीड फूट रुंद फळी रुंदीत चार-पाच मिमी कमीजास्त होऊ शकते. लांबीत जवळजवळ काहीच नाही. आवळलेली फळी मग तडकते, आणि तडकताना रात्री दोन वाजता आवाज करते. स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेनं लांबट ठेव, फळीला सरकायला जागा मिळते.

पण टेबल नंतर. आधी पाट कर, दीड फूट बाय सव्वा फूट, खाली दोन पट्ट्या. त्यात सरळ काप आहे, काटकोन आहे, आडव्या पट्टीला लांबट भोक आहे आणि सँडरचं काम आहे. चार मशीनपैकी तीन त्यातच वापरून होतात. दोन पाट केलेस, की कुठलं मशीन खरंच हवंय ते तूच मला सांगशील. कदाचित टेबल सॉच म्हणशील. तेव्हा खोली वाढवू.

६० पैकी २० हजार मशीनबाहेर ठेव : वायरिंग, सहा क्लॅम्प, गुण्या, पाती, मास्क, व्हॅक्यूम. उरलेल्यात बसतं तेवढंच घे.

रविवारी मी दहाला येतो. वायरमनला साडेदहाची वेळ दे, त्याच्याशी मीच बोलतो. तोवर एक काम कर. खोलीतल्या त्या सहा अँपिअरच्या पॉइंटचा फोटो पाठव, आतले स्क्रू दिसतील असा. मेन स्विच बंद करून मगच झाकण उघड, आणि उघडताना बाबांना शेजारी उभं कर.

तुझा,
काका