पाळीतली पोटदुखी : व्यायाम कधी, किती आणि कसा?

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे, पुण्यात वसतिगृहात राहते. पाळीच्या पहिल्या दिवशी ओटीपोटात एवढ्या कळा येतात की उलटी होते, कधी जुलाबही होतात. गेल्या खेपेला व्हिडिओ लावून आसनं केली, पण काही फरक पडला नाही. योगाचा खरंच उपयोग होतो का?

उत्तर : होतो, पण त्याची सुरुवात दुखायच्या दिवशी करायची नसते. आधी दुखतं कशाने ते पाहू. पाळी येताना गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू करकचून आवळला जातो, तेवढ्या वेळापुरता त्याला रक्त कमी पडतं आणि कळ उठते. आतडीही याच द्रव्यांनी चाळवतात, म्हणून मळमळ आणि जुलाब. हे दुखणं पाळीच्या काही तास आधी किंवा पाळीबरोबर सुरू होतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. एकदा कळा ऐन जोरात आल्या की त्या क्षणी केलेल्या चार आसनांनी फारसं साधत नाही.

आठवड्यातून किमान तीन दिवस, दर वेळी ४५ ते ६० मिनिटं व्यायाम कर, तोही पाळी नसताना. व्यायाम जोराचाच हवा असं नाही. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने अर्धा तास चाललीस तरी पुरे. नंतर १५-२० मिनिटं आसनं. फरक कळायला दोन-तीन पाळ्या जाव्या लागतात. पहिल्याच महिन्यात निराश होऊन सोडू नकोस.

आसनांमध्ये मार्जारासनापासून सुरुवात कर. तळवे खांद्यांच्या बरोबर खाली, गुडघे नितंबांच्या खाली. श्वास घेताना पाठ झोळीसारखी खाली सोड आणि छाती पुढे उघड, सोडताना पाठ कमानीसारखी वर उचल आणि बेंबी आत घे. अशी आठ-दहा आवर्तनं. बहुतेक मुली इथे नुसती मान वरखाली करतात आणि कंबर जागच्या जागी राहते. हालचाल माकडहाडापासून सुरू व्हायला हवी, मान सगळ्यात शेवटी. मग भुजंगासन : पालथी झोप, तळवे छातीच्या बाजूला, कोपरं अंगाशी. पाठीच्या जोरावर छाती उचल. बेंबी जमिनीलाच टेकलेली राहू दे. १५-२० सेकंद, तीनदा. हातांवर जोर देऊन कोपरं ताठ केली की सगळा बाक कमरेत एका जागी येतो आणि पाळीत आधीच दुखणारी कंबर जास्त धरते.

शेवटी सुप्त बद्धकोणासन. पाठीखाली उभी उशी किंवा घट्ट गुंडाळलेली गोधडी घे, कमरेपासून डोक्यापर्यंत आधार मिळाला पाहिजे. तळपाय एकमेकांना जोड, गुडघे बाजूला सोड. दोन्ही मांड्यांखाली एकेक उशी हवीच. ती नसली की मांड्या अधांतरी लोंबकळतात, जांघेत ताण येतो आणि ज्या पोटाला सैल करायचं तेच आवळतं. पाच ते दहा मिनिटं पडून राहा, श्वास सोडायला घेण्यापेक्षा थोडा जास्त वेळ दे. हे आसन आणि मार्जारासन पाळीच्या पहिल्या दिवशीही चालतं.

डॉक्टरांनी वेदनाशामक गोळी दिली असेल, तर ती कळा असह्य होईपर्यंत लांबवू नकोस. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात, म्हणून दुखायची चाहूल लागताच, काहीतरी खाऊन घ्यायच्या. मात्र दम्याचा, पोटातल्या अल्सरचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना सांग. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनामिक आम्लाच्या गोळीबद्दल इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने २०२३ साली सावधगिरीची सूचना दिली होती. ती घेतल्यावर अंगावर पुरळ आणि ताप आला, तर गोळी बंद करून लगेच दवाखान्यात जा.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे. पाळीत तिने व्यायाम केला तर पुढे त्रास होईल, असं सासूबाई म्हणतात. खरं आहे का? (सांगली)

उत्तर : नाही. पाळीत चालणं, खेळणं, सायकल चालवणं यांनी गर्भाशयाला कोणतीही इजा होत नाही. तिला उत्साह असेल तर शाळेच्या मैदानावर जाऊ द्या, गळून गेल्यासारखं वाटत असेल तर झोपू द्या. योगाच्या पुण्यातल्या अय्यंगार परंपरेत या दिवसांत शीर्षासन, सर्वांगासन करत नाहीत. कपालभाती आणि पोट आत ओढायच्या क्रियाही दुखणाऱ्या पोटावर नकोत. एवढं पाळलं की सासूबाईंचंही समाधान होईल.

शेक जरूर द्या, तो चांगलाच लागू पडतो. पिशवीत उकळतं पाणी ओतू नका. दोन तृतीयांश भरा, उरलेली हवा दाबून काढा, मग बूच लावा आणि पंच्यात गुंडाळून १५-२० मिनिटं ओटीपोटावर ठेवा. पिशवी पोटावर ठेवून झोपू देऊ नका. महिनोन् महिने फार गरम शेक घेतला की कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात.

प्रश्न : वय २६. पूर्वी एकच दिवस दुखायचं. आता दर वर्षी दुखणं वाढतंय, पाळी संपल्यावरही राहतं, त्या दिवसांत शौचाला बसतानाही कळ येते. कोणती आसनं करू? (नागपूर)

उत्तर : आसनं नंतर, आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. तुमची लक्षणं एंडोमेट्रिओसिसची असू शकतात. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजालं बाहेर, अंडाशयावर किंवा आतड्याजवळ वाढतात. साधी सोनोग्राफी नॉर्मल आली तरी हा आजार नाही असं ठरत नाही. ‘सगळ्यांनाच दुखतं’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका. शौचाची कळ आणि पाळीनंतरचं दुखणं, दोन्ही मोकळेपणाने सांगा. दर तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, पाळीशिवाय रक्त जात असेल किंवा दुखण्याबरोबर ताप येत असेल, तर कोणीही वाट पाहू नये.

प्रश्न : मी पोलीस भरतीची तयारी करते. ८०० मीटर धावणं नेमकं पाळीत आलं तर? मैत्रिणी पाळी लांबवायच्या गोळ्या घेतात. (बीड)

उत्तर : त्या गोळ्या अपेक्षित तारखेच्या निदान तीन दिवस आधी सुरू कराव्या लागतात. रक्तस्राव सुरू झाल्यावर त्यांचा उपयोग नाही. बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. रक्तात गुठळी होण्याचा पूर्वीचा त्रास, यकृताचा आजार किंवा डोळ्यांसमोर वीज चमकणारी अर्धशिशी असेल तर त्या धोक्याच्या ठरू शकतात. म्हणून मैत्रिणीच्या चिठ्ठीवर आणू नकोस, तारीख कळताच डॉक्टरांना भेट.

सराव पाळीतही बंद करायची गरज नाही. पहिल्या दिवशी वॉर्मअप दुप्पट वेळ कर, १५ मिनिटं तरी, आणि वेगाच्या फेऱ्या सोडून सावकाश धाव. उपाशीपोटी, उन्हात, पाणी न पिता वेदनाशामक गोळी घेऊन धावू नकोस, मूत्रपिंडावर ताण येतो. हिमोग्लोबिन तपासून घे. १२ च्या खाली असेल तर दम लवकर लागतो, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. सराव वाढवल्यावर पाळी तीन महिने आलीच नाही, तर ‘बरं झालं’ म्हणून गप्प बसू नकोस. मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडलं की असं होतं आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध वाढव आणि डॉक्टरांना दाखव.