पगार दुप्पट, पण मधले रिकामे आठवडे कोणाच्या खात्यावर?

उदगीर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. बीएस्सी नर्सिंग, वय २८. छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी हॉस्पिटलात सीसीयू (हृदयरुग्णांचा अतिदक्षता विभाग) आणि कॅथलॅबमध्ये (जिथं अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होते) ४ वर्षं ४ महिने नोकरी झाली आहे. पगार ३०,००० रुपये, त्यात बेसिक १६,०००. हातात २७,९०० येतात. हॉस्टेल आणि मेसला ५,००० जातात, घरी १२,००० पाठवतात, ३,००० ची आरडी आहे, १,२०,००० ची एफडी आहे. आता एक एजन्सी महिना ५५,००० देते म्हणते. तीन-तीन महिन्यांचे करार. पुणे, मुंबई, हैदराबाद, जिथं हृदयविभागात नर्स कमी पडेल तिथं जायचं. त्यांच्या एक सीनियर अमेरिकेत ‘ट्रॅव्हल नर्स’ आहेत, त्यांचं चांगलं चाललंय. घरी वडिलांवर सावकाराचे दीड लाख आहेत, शेकडा तीन रुपये महिन्यानं. नोकरी सोडू का, असं ताई विचारतात.

ताई, आज सोडू नका. आठ महिन्यांनी सोडायला माझी हरकत नाही, पण तेव्हाही एजन्सीकडून दोन-तीन गोष्टी कागदावर घेऊनच.

आधी आजच्या नोकरीचा खरा हिशोब करू. हातात येणारे वर्षाचे साधारण ३,३५,०००. तुमचा आणि हॉस्पिटलचा मिळून पीएफ महिना ३,८४०, म्हणजे वर्षाला ४६,०००. वर्षागणिक जमा होत जाणारी ग्रॅच्युइटी सुमारे ९,२००. एकूण ३,९०,०००. हॉस्टेलचे ६०,००० वजा केले की उरतात ३,३०,०००.

आता एजन्सीचं बघा. करार एकामागे एक लागतीलच, असं तुमच्या पत्रात आहे. एजन्सीनं पाठवलेल्या मसुद्यात मात्र तसं एक अक्षर नाही. करार संपतो, पुढची जागा निघेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात, मग तिथली कागदपत्रं, मग रुजू होणं. वर्षात साडेनऊ महिने काम मिळालं असं धरू: ५,२२,५००. खोली आणि मेस महिना १३,००० प्रमाणे दहा महिन्यांचे १,३०,००० (नव्या शहरात अर्धा-पाऊण महिना फुकट जातोच). प्रवास आणि नोंदणीला २०,०००. आज हॉस्पिटलच्या ग्रुप पॉलिसीत तुम्ही आणि आई-वडील तिघंही आहात, ती गेली की तेवढाच विमा बाहेर घ्यायला अंदाजे ३५,०००. उरले ३,३७,५००. म्हणजे पगार जवळपास दुप्पट होऊनही वर्षाअखेर फरक साडेसात हजारांचा. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही (ते वरच्या हिशोबात आलंच), आणि लग्न-बाळंतपणाचा काळ समोर असताना २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजाही नाही, कारण एजन्सी तुम्हाला नोकरीवर घेत नाही, ‘प्रोफेशनल फी’ देते. त्या फीमधून १० टक्के टीडीएस कापला जाईल, त्यामुळे हातात ४९,५०० च पडतील. नव्या करप्रणालीत तुमच्या उत्पन्नावर कर शून्य आहे, रिटर्न भरलं की ते पैसे परत येतील; पण तोवर वर्षभर ते अडकलेले राहतात.

हाच हिशोब बारा महिने सलग कामाचा केला तर ४,४९,००० उरतात. साडेनऊ महिनेच काम पण खोली हॉस्पिटलनं दिली आणि खिशातून फक्त मेस गेली, तर ४,२२,०००. सगळा खेळ रिकाम्या आठवड्यांचा आणि खोलीचा आहे. म्हणून एजन्सीशी ५५ चे ५८ करण्यासाठी घासाघीस करू नका. वर्षात किमान अकरा महिने काम, नाहीतर मधल्या काळाचा अर्धा पगार, आणि राहण्याची सोय: हे लिहून मागा. आयएबीपी (हृदयाला आधार देणारा बलून पंप) सांभाळणारी, प्रायमरी अँजिओप्लास्टीच्या (हार्ट अटॅक आल्यावर लगेच करायच्या अँजिओप्लास्टीच्या) वेळी रात्री दोनला कॅथलॅब उभी करणारी नर्स सहज मिळत नाही. हे मागण्याइतकं वजन तुमच्या हातात आहे.

तुमच्या सीनियरचं उदाहरण इथं लागू पडत नाही. तिथले करारही साधारण १३ आठवड्यांचेच असतात, पण मोबदल्याचा मोठा भाग घरभाडं आणि जेवणाच्या भत्त्याचा असतो, आणि स्वतःचं कायमचं घर दुसरीकडे चालू ठेवलं असेल तर तो करमुक्त मिळतो. इथं भाडं तुमच्याच खिशातून जाणार आहे. तुम्हालाही तिकडे जायचं असेल तर एनसीएलईएक्स ही तिथल्या नर्सिंग परवान्याची परीक्षा जरूर द्या. परीक्षेचे २०० डॉलर आणि भारतातून देण्याचे वर १५० डॉलर. पण भारतीय नर्सेससाठी ग्रीन कार्डची रांग दहा वर्षांहून लांब आहे, त्या भरवशावर आजचा निर्णय घेऊ नका.

आता ज्यासाठी मी हे उत्तर खरं तर लिहायला घेतलं, ते सांगते. दीड लाखावर शेकडा तीन म्हणजे महिना ४,५००, वर्षाला ५४,०००. तुम्ही घरी पाठवता त्या बारा हजारांतले साडेचार हजार सावकाराकडे जातात आणि मुद्दल तसूभर हलत नाही. इकडे तुमची एफडी वर्षाला ७ टक्के कमावते. ताई, ही गळती थांबवली तर नोकरी न बदलता वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास वाचतात. एफडीतले एक लाख मोडा. उरलेल्या पन्नास हजारांसाठी आईला विश्वासात घेऊन बँकेतून सोनेतारण कर्ज काढा. त्याचं व्याज महिना चार-पाचशेच्या आत राहील. पैसे देताना वडिलांनी सही केलेला कोरा चेक, बाँड, जे काही सावकाराकडे असेल ते हातात घेतल्याशिवाय उठू नका. तो अडून बसला तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. परवाना असलेल्या सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही. तुमचे वडील ३६ देत आहेत.

हे पैसे पीककर्जाचं नवं-जुनं करायला (जुनं कर्ज भरून नवं उचलायला) घेतले होते, असं तुम्ही लिहिलंय. सोयाबीनच्या पट्ट्यात, विशेषतः २०२५ च्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीनंतर, घरोघरी हेच झालंय, त्यात वडिलांना बोल लावू नका. फक्त पुढच्या मार्चमधल्या परतफेडीची तयारी आतापासून ठेवा. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर महाराष्ट्रात त्यावर व्याज पडत नाही. ही सवलत हातची जाऊ देऊ नका.

आठ महिने कशासाठी, तर पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचे ४६,००० मिळतील, आणि तेही करमुक्त. व्याजाचे वाचलेले महिना चार हजार म्हणजे बत्तीस हजार, आरडीचे चोवीस. मोडलेली एफडी जवळजवळ भरून निघते, आणि करारांच्या मधल्या रिकाम्या काळात त्याच पैशांवर घर चालेल. ही गंगाजळी नसताना एजन्सीकडे गेलात तर पहिल्याच खंडात पुन्हा सावकाराचं दार. पीएफ काढू नका, राहू द्या.

सही करण्याआधी आणखी काही विचारा. कॅथलॅबमध्ये तुमच्या नावाचा टीएलडी बॅज (अंगावर किती किरणोत्सर्ग आला ते मोजणारा) कोण देणार? तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो, म्हणजे तुमचा एक करार संपेपर्यंत. मागच्या हॉस्पिटलमधली डोसची नोंद पुढच्या ठिकाणी गेली नाही तर वर्षभरात तुमच्या अंगावर एकूण किती किरणोत्सर्ग आला हे नव्या हॉस्पिटलला कळणार नाही. औषधाच्या डोसात चूक झाल्याचा दावा आला तर इन्डेम्निटी विमा (अशा दाव्याची भरपाई देणारा) कोणाचा? हैदराबादसाठी तेलंगणाच्या कौन्सिलची नोंदणी कोण करून देणार? आणि मूळ प्रमाणपत्रं कोणाच्याही ताब्यात द्यायची नाहीत, ‘फक्त व्हेरिफिकेशनसाठी’ म्हटलं तरी.

वडिलांना मधुमेह आहे म्हणता, तर ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडण्याच्या किमान महिनाभर आधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा. जुन्या आजारासाठीच्या प्रतीक्षाकाळाची झालेली वर्षं तिथं धरली जातात. आधी राजीनामा आणि मग नवी पॉलिसी असं केलंत तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत पुन्हा थांबावं लागू शकतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं पाच लाखांचं संरक्षण आहेच, त्यासाठी दोघांची आयुष्मान कार्डं याच महिन्यात काढून ठेवा.