किबोर्डवर वाजवलेल्या अभंगाची मिडी स्टाफ नोटेशनसाठी कशी साफ करावी?

तुम्ही लिहिलंय की क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) न लावता वाजवलेला अभंग ऐकायला छान वाटतो, पण त्याची मिडी फाइल (कोणती पट्टी कधी दाबली याची नोंद) म्यूझस्कोर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की पान काळंकुट्ट होतं; आणि क्वांटाइझ केलं, म्हणजे सूर जवळच्या मात्रेच्या रेघेला चिकटवले, की पान सुधारतं, पण गाण्यातला जीव जातो. मी नाशिकला पंचवटीत पेटी वाजवतो, अधूनमधून व्हायोलिनवाल्यांसाठी नोटेशन काढून देतो. या खड्ड्यात मीही पडलोय.

एकाच फाइलमध्ये दोन्ही साधायचा हट्ट सोडा. एक प्रत कानासाठी, एक डोळ्यांसाठी.

पण त्याआधी मात्रा जाग्यावर आणा. क्लिक नव्हता, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मात्रा आणि तुमच्या मात्रा यांची गाठच पडलेली नाही. अशा वेळी क्वांटाइझ केलं की सूर भलत्याच रेघेला चिकटतात. रेकॉर्डिंग ऐकत वेगळ्या ट्रॅकवर प्रत्येक मात्रेला एक पट्टी दाबत जा, टाळ धरल्यासारखी. त्यावरून रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो बसवता येतो: क्यूबेसमध्ये ‘मर्ज टेम्पो फ्रॉम टॅपिंग’, लॉजिकमध्ये ‘बीट मॅपिंग’. सूर वेळेच्या जागी राहिले पाहिजेत, फक्त रेघा हलल्या पाहिजेत. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मी घाण इथेच निघते.

आता प्रती करा. कानाच्या प्रतीत जिथे खरंच खटकतं तिथेच पन्नास-साठ टक्के क्वांटाइझ (सूर रेघेकडे तेवढाच सरकवायचा), बाकी हात लावू नका.

डोळ्यांची प्रत मात्र निर्दयपणे घासायची. क्वार्टर नोटला (एका मात्रेला) ४८० टिक (मिडीतले वेळेचे बारीक तुकडे) आणि टेम्पो मिनिटाला १२० असेल, तर एक टिक साधारण एक मिलिसेकंदाचा. तुम्ही ३० मिलिसेकंद रेंगाळलात तर ऐकणाऱ्याला ती लय वाटते. सॉफ्टवेअर तिथे चौसष्टाव्या भागाचा विराम छापून मोकळं होतं. म्हणून इथे शंभर टक्के क्वांटाइझ, आणि ग्रिड (रेघांमधलं अंतर) तुम्ही वाजवलेल्या सर्वांत छोट्या सुराएवढी, त्याहून बारीक नको. ठेक्याला झोका असेल तर सरळ आठवे भाग लिहा आणि वर ‘स्विंग’ एवढंच लिहा.

क्वांटाइझच्या आधी कणस्वर (मुख्य सुराआधी ओझरते लागणारे सूर) बाजूला काढा, ही माझी कळकळीची विनंती. गंगापूर रोडवरच्या एका तालमीत मी ते विसरलो. ‘ग’ला लावलेला ‘रे’चा कण ग्रिडवर नेमका ‘ग’च्याच जागी बसला आणि कागदावर दोघांची कॉर्ड झाली. समोरच्या मुलीनं इमानेइतबारे दोन्ही सूर एकदम वाजवले. कण नंतर नोटेशनमध्ये ग्रेस नोट म्हणून हातानं घाला.

पेटीवाल्यांची आणखी एक खोड: पुढची पट्टी दाबेपर्यंत मागची सोडत नाही. ऐकताना गोड, पण एकाच ओळीत दोन व्हॉइस (दोन वेगळ्या सुरावटी) दिसायला लागतात. सुरांचे ओव्हरलॅप कापून टाका. चुकून बोट घासून लागलेले सूर व्हेलॉसिटी (पट्टी किती जोरात दाबली तो आकडा) पाहून सापडतात, पण उडवण्याआधी एकदा ऐका. हळू वाजवलेला खरा सूरही तिथेच लपलेला असतो.

शेवटी की सिग्नेचर, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची शार्प-फ्लॅटची खूण. मिडीत फक्त पट्टीचा नंबर असतो, नाव नसतं. गायक काळी चारमधून गात असेल तर ते ‘जी शार्प मेजर’ म्हणून लिहू नका, आठ शार्प होतात. ‘ए फ्लॅट’ घ्या, चार फ्लॅटमध्ये काम भागतं.