जुन्या स्विफ्टचा पिकअप वाढवायचाय? आधी कॉम्प्रेशन मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, १.३ पेट्रोल, सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे चाललेली, एमएच-०४ पासिंग, आरसी नुकतीच रिन्यू केलेली. घरचे चौघं बसले आणि एसी चालू असला की ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावर गाडी ओढत नाही. वागळे इस्टेटमधल्या एका दुकानात कोन फिल्टर (उघडा एअर फिल्टर), फ्री-फ्लो सायलेन्सर (धूर कमी अडवणारा) आणि 'चिप' (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) असं तीस हजारांचं पॅकेज सांगितलंय. घ्यावं का?

नका घेऊ. हे इंजिन कंपनीतून निघालं तेव्हा ८७ बीएचपीचं होतं, आणि तेही ६००० आरपीएमला. त्यातले आज किती शिल्लक आहेत हे तुम्हालाही माहीत नाही आणि त्या दुकानदारालाही. आधी हरवलेली ताकद परत मिळवा. तीस हजारांत ते बऱ्यापैकी होतं.

सुरुवात कॉम्प्रेशन टेस्टपासून करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंजेक्टरचे आणि कॉइलचे कनेक्टर काढलेले, बॅटरी चांगली चार्ज, आणि एकाने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा. हे शेवटचं बरेच मेकॅनिक विसरतात आणि मग रीडिंग खोटं येतं. चारही सिलिंडरचं रीडिंग १४ च्या आसपास, म्हणजे किलो प्रति चौरस सेंटिमीटर, आलं तर इंजिन धडधाकट आहे. १२ च्या खाली गेलं, किंवा सिलिंडर-सिलिंडरमध्ये एकापेक्षा जास्त फरक पडला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजायला लावा. रीडिंग वर चढलं तर पिस्टनच्या रिंग गेल्यात. तिथेच राहिलं तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. गाडी पूर्वी सीएनजीवर चालली असेल तर व्हॉल्व्हवर माझा जास्त संशय, कारण गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजत जाते आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट बुजत जाते. अशा वेळी कधी कधी नुसत्या टॅपेट सेटिंगनेही फरक पडतो. म्हणून इंजिनचं हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवायच्या आधी टॅपेट बघून घ्या.

दुसरी गोष्ट थर्मोस्टॅट. आपल्याकडे गाडी एकदा गरम झाली की मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून फेकतो, 'साहेब, आता कधीच गरम होणार नाही' म्हणतो, आणि मालक खूश. पण मग इंजिन लवकर तापतच नाही, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, ते थंडच वाटत राहतं आणि तो जास्तीचं पेट्रोल ओततो. पिकअप मंद, अॅव्हरेज खाली, प्लग काळे. हे घरी तपासता येतं. सकाळी थंड गाडी चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजला अधूनमधून हात लावा (पंख्यापासून बोटं लांब ठेवून). होज काही मिनिटं गारच राहून मग एकदम गरम झाला तर थर्मोस्टॅट जागेवर आहे. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर तो काढलेला तरी आहे किंवा उघडा अडकलेला. नवा पार्ट स्वस्त आहे, बसवून घ्या.

बाकीची कामं नेहमीचीच: प्लग, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीची सफाई, फ्युएल प्रेशर. सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या टाकीतला गाळ सुटतो आणि फिल्टर तुंबतो, रबरी पाइपही कडक होतात, तेही बघून घ्या. खाडीच्या हवेत ब्रेक कॅलिपरच्या पिना गंजून ब्रेक अर्धवट धरून राहतात, म्हणून चारही चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवून बघा. आणि क्लच: चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम चढले पण वेग तिथेच राहिला, तर क्लच प्लेट घसरतेय. अशा गाडीत तुम्ही काहीही बसवा, ताकद चाकापर्यंत पोहोचणारच नाही.

आता त्या पॅकेजबद्दल. उघडा कोन फिल्टर बॉनेटच्या आतली तापलेली हवा ओढतो. कंपनीचा डबा मात्र बाहेरची हवा घेतो. हवा दर तीन अंशांनी तापली की साधारण एक टक्का विरळ होते, आणि मे महिन्यात माजिवड्याच्या सिग्नलला बॉनेटखाली किती तापतं ते तुम्हाला माहीत आहे. आवाज वाढतो, म्हणून गाडी जोरात पळतेय असं वाटतं. सायलेन्सरचं त्याहून वाईट. फ्री-फ्लोच्या नावाखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) कापून ठेवून घेतात, कारण त्यातल्या प्लॅटिनम आणि पॅलेडियमला भंगारात चांगला भाव येतो. तुमच्या हातात मोठा आवाज, पीयूसीची कटकट आणि पोलिसांचं चलान. मूळ कन्व्हर्टर चोंदलाय अशी खात्री असेल तर बदला, पण कन्व्हर्टरच्या जागी कन्व्हर्टरच लावा. चिपबद्दल एवढंच, की रिमॅपचा, म्हणजे ईसीयूतला इंधनाचा नकाशा बदलण्याचा, मोठा फायदा टर्बो डिझेलला होतो, कारण तिथे बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, वाढवता येतो. टर्बो नसलेल्या तुमच्या पेट्रोल इंजिनात हवाच वाढत नाही, मग नकाशा बदलून मिळणार ते किरकोळच.

मोठी अलॉय चाकंही सध्या नको. जड चाक फिरवायलाच ताकद जाते, आणि बाहेरचा व्यास वाढला की सगळे गिअर लांब होतात. चढावर नेमकं तेच नडतं.

आणि एक गोष्ट फुकटची. या इंजिनाचा पूर्ण टॉर्क (ओढण्याचा जोर), ११३ न्यूटन मीटर, ४५०० आरपीएमला मिळतो. चौघं, एसी आणि गायमुखचा चढ असताना दुसरा गिअर लागला तर तो आजार नाही. घोडबंदर रोडच्या गर्दीत दोन हजारांवर गिअर वर टाकायची सवय लागते, तीच चढावर नेली की इंजिन कण्हतं. चढ सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या आणि साडेतीन-चार हजारांवर राहू द्या. तापमान ठीक असेल तर इंजिनाला काही होत नाही, ते त्यासाठीच बनलंय.

त्या दुकानदाराने इंजिन बदलायचं सुचवलं तर सावध राहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ बांधणीत असे बदल परस्पर करता येत नाहीत, इंजिन नंबर आरसीशी जुळला पाहिजे. पुढच्या रिन्यूअलला गाडी आरटीओत उभी करायची आहेच, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही तेच तपासते.

टेस्ट झाली की चारही सिलिंडरचे आकडे इथे टाका, ऑइल टाकायच्या आधीचे आणि नंतरचे. व्हॉल्व्हचं काम निघालं तर कोणता लेथवाला गाठायचा आणि काय काय करून घ्यायचं ते सविस्तर सांगतो.