लिनक्स डेस्कटॉप सस्पेंड केला की दोन सेकंदांत आपोआप पुन्हा चालू होतो. काय करावं?

झोपून लगेच उठतोय म्हणजे सस्पेंड बहुधा ठीक आहे, कुणीतरी त्याला उठवतंय. बायॉस अपडेट करण्याआधी हे बघा.

प्रॉक या सिस्टम फोल्डरखालच्या एसीपीआय फोल्डरात 'वेकअप' नावाची फाइल असते (/proc/acpi/wakeup), ती टर्मिनलमध्ये 'कॅट' (cat) कमांडने वाचा. ज्या ओळींत 'एनेबल्ड' दिसेल ते सगळे संशयित. 'एक्सएचसी'ने सुरू होणारी नावं यूएसबीची. एएमडीच्या बोर्डावर 'जीपीपी०' (GPP0, एक पीसीआयई पोर्ट) दिसला तर आधी तोच धरा. नाव त्याच फाइलमध्ये लिहिलं की त्या उपकरणाचं मशीन उठवणं डिसेबल होतं. पुन्हा लिहिलंत तर परत एनेबल, त्यामुळे दरवेळी फाइल वाचून खात्री करा. एकेक बंद करून सस्पेंड करून पाहा.

इथे बरेचजण अडकतात: सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) लावून इको (मजकूर छापणारी कमांड) करून बाणाने (>) फाइलमध्ये लिहायला गेलात तर परवानगी नाकारली जाते, कारण तो बाण तुमचा साधा शेल चालवतो, सुडो नाही. इकोचं आउटपुट पाइपने (|) 'सुडो टी'कडे (tee, आलेला मजकूर फाइलमध्ये लिहिणारी कमांड) द्या.

यूएसबीचं उठवणं बंद केलंत तर यूएसबी कीबोर्डने मशीन उठणार नाही, पॉवर बटण दाबावं लागेल. रीबूटनंतर सगळं मूळपदावर येतं, म्हणून सापडलेल्या नावासाठी सिस्टमडीची (लिनक्समधल्या सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्राम) वनशॉट, म्हणजे मशीन सुरू होताना एकदाच चालणारी सर्व्हिस लिहून ठेवा.