ठाणे अंमलदाराच्या टेबलावरून : हरवली की चोरली?

मागच्या महिन्यात मी लिहिलं होतं की पोलीस ठाण्यात तोंडी काही मागू नका, कागद द्या आणि पोच घ्या. त्यावर पत्रांचा गठ्ठा आला आणि त्यातली बरीचशी पत्रं रागाची आहेत. चालेल. एकतीस वर्षं खात्यात काढली, त्यातली शेवटची नऊ ठाणे अंमलदाराच्या, म्हणजे ठाण्यात आलेली तक्रार लिहून घेणाऱ्याच्या टेबलावर. लोकांचा राग पहिला त्याच टेबलावर आदळतो. साहेबांच्या केबिनपर्यंत पोचेस्तोवर तो निम्मा झालेला असतो. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले, मी वकील नाही. कोर्टात जायची वेळ आली तर वकील गाठा.

लातूर जिल्ह्यातून बी.एड.ची एक विद्यार्थिनी लिहिते : एसटीत चढताना पर्समधून अठरा हजारांचा मोबाइल गेला. चेन उघडलेली होती. ठाण्यात मी ‘चोरी’ म्हणत होते, त्यांनी ‘गहाळ’ लिहिलं. म्हणाले, मॅडम, नवीन सिम काढायला हेच चालतं. आता भांडू की सोडून देऊ?

भांडू नका, पण सोडूही नका.

असे ‘गहाळ’चे दाखले मी स्वतः किती दिले ते मोजलेले नाहीत, आणि कृपा करून मोजायला लावू नका. कारण सांगते. चोरीचा गुन्हा दाखल झाला की त्याला गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर पडतो, तपासी अंमलदार नेमावा लागतो, पंचनामा आला, आणि दर महिन्याच्या क्राइम मीटिंगला आमच्या साहेबांना उभं करून विचारतात : दाखल किती, उघड किती? ‘गहाळ’ला यातलं काही नाही. हरवलेल्या वस्तूला चोर नसतो. स्टँडवर टोळी फिरत असते, आणि कागदावर मात्र त्या गावातली माणसं भारी विसरभोळी.

एकदा एक आजी आल्या. बोरमाळ गेली होती, बाजारच्या गर्दीत. मी सवयीने ‘गहाळ’ लिहायला घेतलं. आजी म्हणाल्या, “बाई, हरवली लिहू नको. हरवली म्हटलं तर सून मलाच बोल लावील. माझी माळ कुणीतरी काढलीय.” कलम वगैरे त्यांना काही ठाऊक नव्हतं, पण एका शब्दाने दोष कुणाच्या पदरात पडतो ते माझ्यापेक्षा त्यांना चांगलं कळलं होतं. त्या दिवशी मी गुन्हा घेतला. माळ काही सापडली नाही. सुनेला दाखवायला आजींनी फिर्यादीची प्रत मात्र घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली.

आता तुमचं. पाच हजारांच्या आतली पहिलीवहिली चोरी सोडली तर चोरी दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा, आणि तुमचा फोन अठरा हजारांचा. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की तो नोंदवायलाच हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ ला सांगितलं. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ मध्ये एक सवड ठेवली आहे : तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत डीवायएसपींच्या (पोलीस उपअधीक्षकांच्या) परवानगीने आधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. ‘चौकशी चालू आहे’ असं कोणी म्हणालं तर परवानगी कधीची आणि चौदावा दिवस कुठला, एवढं विचारा.

अर्ज नव्याने लिहा. ‘चोरीला गेला’ हेच शब्द, बसचा मार्ग, वेळ, फलाट, खोक्यावरचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर. दोन प्रती करा, एकीवर तारीख, शिक्का आणि सही घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने एसपींना (जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना) पाठवा, कलम १७३ च्या चौथ्या पोटकलमात तशी सोय आहे. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकारी. गुन्हा दाखल झाला की प्रत फुकट मिळते, आणि नव्वद दिवसांत तपास कुठवर आला ते पोलिसांनी तुम्हाला कळवायचं असतं. दरम्यान संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर फोन ब्लॉक करून टाका, त्याला मात्र तुमचा तो ‘गहाळ’ कागदही चालतो.

सांगली जिल्ह्यातून एक शेतकरी : बांधाच्या भांडणात आमचे वडील साक्षीदार आहेत, वय ७१. फोन करून ‘जबाबाला या’ म्हणतात. तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून परत पाठवलं.

चौथ्यांदा जाऊ नका. साक्षीदाराला बोलवायचं तर लेखी आदेश लागतो, आणि साठीच्या वरच्या पुरुषाला, कोणत्याही बाईला, पंधराच्या आतल्या मुलाला, अपंग किंवा गंभीर आजारी माणसाला घराबाहेर जबाबाला यायची सक्ती करता येत नाही. त्याच संहितेचं कलम १७९. पूर्वी ही वयाची अट पासष्ट होती, आता साठ आहे. फोन आला की नम्रपणे म्हणायचं, “साहेब, दादांचं वय ७१, घरी या, चहा घेऊ.” वर तेच एका कागदावर लिहून ठाण्यात पोच घ्या. उद्धटपणे मात्र बोलू नका. फोन करणारा बहुतेक वेळा बीटचा हवालदार असतो, आणि त्याच्याकडे पेट्रोलला पैसे नसतात म्हणून तो तुम्हाला बोलावतो. हे समर्थन नाही, पण खरं आहे.

ठाणे शहरातून एक वाचक : पोलीस ठाण्यात मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं तर गुन्हा होतो का? मला ‘ऑफिशियल सिक्रेट’ लागेल असा दम दिला.

वर्ध्याला एका माणसावर नेमका तोच, ऑफिशियल सिक्रेट्स कायद्याखालचा (शासकीय गुपितांचा) गुन्हा लावला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो रद्द केला. त्या कायद्यातल्या ‘निषिद्ध जागां’मध्ये पोलीस ठाणं येत नाही, म्हणाले. पण माझा सल्ला वेगळा आहे. कॅमेरा तोंडासमोर धरलात की समोरचा अंमलदार तुमची तक्रार ऐकायचा थांबतो. त्यापेक्षा ठाण्याचाच कॅमेरा वापरा. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला देशातल्या प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही लावायला सांगितलं, चित्रण अठरा महिने जपायचं, ते जमलंच नाही तर निदान वर्षभर. तारीख आणि वेळ टिपून ठेवा, लेखी मागा. ‘कॅमेरा बंद होता’ असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या.

अक्कलकोट तालुक्यातून एक आई : मुलगा गवंड्याच्या हाताखाली काम करतो. रात्री साडेदहाला नाक्यावर अडवलं, कागद नव्हते, उलट बोलला म्हणून ठाण्यात नेऊन मारलं. पहाटे सोडलं. कुठेच नोंद नाही. गावातले म्हणतात, पोलिसाविरुद्ध पोलिसाकडे जाऊन काय मिळणार? तक्रार केली तर पुन्हा उचलतील म्हणून मुलगा नको म्हणतो.

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलाची भीती खोटी आहे असं मी लिहिणार नाही.

आधी दवाखाना. पत्र हातात पडेल तेव्हा वळ गेले असतील, तरी ग्रामीण रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना ‘पोलिसांनी मारलं’ असं स्पष्ट सांगा आणि एमएलसी, म्हणजे मारहाणीची मेडिको-लीगल नोंद करून घ्या. घरचे फोटो तारखेसह ठेवा. मग त्या रात्रीचं सीसीटीव्ही राखून ठेवा, असा एक अर्ज ठाण्यात आणि एक एसपींना. हा अर्ज सगळ्यांत महत्त्वाचा. नोंद नाही म्हणता ना? अटकच दाखवलेली नाही, म्हणजे रात्री साडेदहा ते पहाटे तुमचा मुलगा कागदोपत्री त्या इमारतीत नव्हताच. कॅमेऱ्यात तो दिसला तर ‘का होता’ याचं उत्तर त्यांनी द्यायचं. अटक केली तर मेमो करायचा, घरच्यांना कळवायचं, अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव दिसलं पाहिजे, हे डी. के. बसू प्रकरणात १९९६ पासून सांगितलेलं आहे आणि आता संहितेतही आहे. ते टाळायचा सोपा मार्ग म्हणजे अटक दाखवायचीच नाही. ‘जरा बसवून ठेवलाय’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि खोटं कशाला बोलू, उच्चारलंही आहे.

आता ‘पोलिसाविरुद्ध पोलिसाकडे’ हा मुद्दा. गावातले चुकीचं बोलत नाहीत. म्हणूनच २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात वेगळं पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं. हे सिंग स्वतः पोलीस महासंचालक होते, आमच्याच खात्याचे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला, राज्याच्या प्राधिकरणावर उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आणले, पण जिल्ह्याऐवजी महसूल विभागावर थांबला. म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या बाईने पुण्याकडे बघायचं. गवंडीकामाचा दोन दिवसांचा रोज बुडवून जाईल कोण? कायदा करणाऱ्यांनी नकाशा बघितला असेल, एसटीचं वेळापत्रक बघितलेलं दिसत नाही. तरी अर्ज पोस्टाने पाठवा. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक किंवा डांबून ठेवणं, खंडणी हे सगळं त्यांच्या कक्षेत येतं. ते शिफारस करतात. सरकारला ती फेटाळायची असेल तर कारण लिहावं लागतं. मानवी हक्क आयोगाकडेही अर्ज करता येतो, घटनेपासून एक वर्षाच्या आत.

न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचं तर वकील लवकर गाठा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये सहा महिन्यांच्या मुदतीची मेख आहे, आणि नव्या संहितेप्रमाणे सरकारी नोकराविरुद्ध तपासाचा आदेश देण्याआधी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवावा लागतो. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत जा, कोर्टाच्या आवारातच असते.

आणि एक. कदाचित चार दिवसांनी कोणीतरी येऊन सांगेल, ‘त्याला कंट्रोलला जमा केलाय, झालं समाधान?’ किंवा पेपरात येईल, ‘निलंबित’. यातलं काहीही शिक्षा नव्हे. कंट्रोल जमा म्हणजे कंट्रोल रूमला बसवलं, टेबल बदललं. निलंबनात निर्वाह भत्ता चालू असतो आणि बरेच जण परत येतात. तुम्ही विचारायचं ते हे : विभागीय चौकशी लावली का, दोषारोप काय, निकाल काय? कोणी तुम्हाला घरी बोलावून ‘मिटवून टाकू’ म्हणाला तर एकट्याने जाऊ नका.

मुलगा नको म्हणत असेल तर जबरदस्ती करू नका. पण एमएलसी आणि सीसीटीव्हीचा अर्ज एवढं आज करून ठेवा. पुढचं त्याचं मन होईल तेव्हा.

पोलीस वसाहतीतून एका शिपायाच्या पत्नी : ताई, तुम्हीही खात्यात होता आणि दर महिन्याला आमच्याविरुद्धच लिहिता. माझे मिस्टर गणपतीत अकरा दिवस घरी नीट जेवले नाहीत. आमची मुलगी शाळेच्या फॉर्मवर वडिलांची नोकरी ‘शासकीय’ एवढीच लिहिते, ‘पोलीस’ लिहीत नाही. याला जबाबदार कोण?

अकरा दिवसांच्या बंदोबस्ताबद्दल तुमच्याशी वाद घालणारी मी शेवटची असेन. सोळा तास उभं राहिलेल्या माणसाकडे सतराव्या तासाला कोणी पत्ता विचारला तर तो खेकसतो, आणि त्या एका खेकसण्यावरून एक घर कायमचं खात्यावरून उठतं. २०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू झाली, ती योजना एका शिपायानेच आकडेमोड करून आयुक्तांपुढे मांडली होती. सगळीकडे ती का पोचत नाही, हे मीही विचारते.

पण विरुद्ध लिहिते म्हणालात, ते मान्य नाही. सांगलीचं २०१७ चं प्रकरण आठवा. कोठडीत मारहाणीत तरुण मेला, प्रेत आंबोलीला नेऊन जाळलं, ‘आरोपी पळाला’ असं कागदावर. उपनिरीक्षक आत गेला, आणि त्याच्याबरोबर शिपाईही गेले, एक झिरो पोलीसही, म्हणजे खात्यात नसून पोलिसांबरोबर काम करणारा. त्या शिपायांनाही वसाहतीत बायका-मुलं होती. त्या रात्री तोंडी काय सांगितलं गेलं आणि कोण ‘हो साहेब’ म्हणालं ते कोणत्याही डायरीत नसणार. तुमच्या मिस्टरांना एवढंच सांगा, असला तोंडी हुकूम आला की ठाणे अंमलदाराला म्हणायचं, स्टेशन डायरीला नोंद घ्या. साहेब चिडतील. बदली होईल. माझी झाली होती, दीडशे किलोमीटरवर, मुलाची दहावी असताना.

त्याच मुलाने शाळेच्या फॉर्मवर आईच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिलं होतं. मी तेव्हा रात्रपाळी करत होते. कळल्यावर पालकसभेला मुद्दाम गणवेशात गेले, आणि घरी येईपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.